‘तीन वेळा लेह, फक्त फोनवर’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘ऑफ-रोडला जाताना जीपीएस कोणतं घ्यावं’ या माझ्या लेखाखाली तुम्ही माझी चांगलीच झाडाझडती घेतलीत. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुम्ही मनाली-लेह तीन वेळा केलंत, तेही फक्त फोन आणि गुगल मॅप्सवर. नेटवर्क गेलं की फोनचं जीपीएस बंद पडतं हे मी लिहिलेलं साफ चूक आहे. मी सुचवलेलं उपग्रह संदेशयंत्र (नेटवर्क नसताना उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र) भारतात बेकायदा आहे. आणि एकंदरीत मी हातातल्या जीपीएस यंत्रांची दुकानदारी करतोय.

आधी संदेशयंत्राचं बघू, कारण माझ्यामुळे एखादा वाचक खरोखरच अडकला असता. तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय इरिडियम किंवा थुराया या उपग्रह सेवा वापरणारं यंत्र जवळ बाळगणंही गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला गार्मिनच्या इनरीच या अशाच संदेशयंत्रापायी पकडलं होतं. परदेशी लोकांची प्रवासवर्णनं वाचून मी भारावलो आणि इथला कायदा न तपासता लिहून मोकळा झालो. तो परिच्छेद काल काढून टाकलाय. गार्मिनचं मोंटाना ७०० घेणाऱ्यांनीही नीट बघावं: नावापुढे ‘आय’ असलेल्या ७००आयमध्ये तेच संदेशयंत्र बसवलेलं असतं.

नेटवर्कचा मुद्दाही तुमचाच. फोनमधला जीपीएस उपग्रहांकडून थेट ऐकतो, त्याला सिमकार्डाशी देणंघेणं नाही. मग मला तसं का वाटलं? उपग्रह आपली कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट अशा गोगलगायीच्या चालीने पाठवतो आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. नेटवर्क असलं की फोन हीच माहिती इंटरनेटवरून चटकन घेतो. नेटवर्क नसताना, त्यात दोन कड्यांमधून गाडी चालू असताना, मधला एखादा तुकडा हुकला की पुढच्या फेरीची वाट बघायची. तो निळा ठिपका दहा मिनिटं आला नाही आणि मी निष्कर्ष काढला. आता सकाळी निघतानाच मोकळ्यावर गाडी उभी करून ठिपका लागू देतो. चहा होईपर्यंत लागतो.

पण मनाली-लेहबद्दल मात्र भांडणार. तो रस्ता अवघड आहे, उंचीवर आहे, सगळं मान्य. तरी तो एकच रस्ता आहे. चुकायला फाटे लागतात! ठिपका रस्त्यावर दिसतोय एवढंच फोनने तीन वेळा तुम्हाला सांगितलं, आणि ते तर विंडस्क्रीनमधूनही दिसत होतं.

बोगद्याऐवजी रोहतांगवरून जा, कोकसरच्या अलीकडे ग्रांफूला फुटा आणि स्पितीच्या बाजूने बाटलपर्यंत जाऊन बघा. जेमतेम ५० किलोमीटर. आम्हाला पाच तास लागले, त्यातला तासभर एका नाल्याच्या काठावर. बर्फ वितळायला लागला की दुपारी त्या नाल्यांना पाणी चढतं; सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी चारच्या सुमाराला बंपरला लागतं. नकाशावर तिथे सरळ रेघ होती. ओपनस्ट्रीटमॅप या हौशी लोकांनी मिळून केलेल्या नकाशात नाला ओलांडण्याची जागा वेगळ्या खुणेने दाखवायची सोय आहे, कच्च्या वाटांना एक ते पाच अशी प्रतही लावता येते, म्हणून तो नकाशा नेटवर्कशिवाय दाखवणारं ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप फोनमध्ये असावंच असं मी म्हणतो. ती खूणसुद्धा कुणा हौशी माणसाने तिथे जाऊन लावलेली असेल तरच दिसणार. आणि किती वाजता उतरायचं हे तीही सांगत नाही.

इतकं लांब कशाला जायचं? जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेल्या पुण्याच्या तिघांची गाडी रात्री कोतूळ-अकोले रस्त्यावर पाण्यात गेली. पिंपळगाव खांड धरणाचं पाणी चढून पूल बुडाला होता, गावात सगळ्यांना माहीत होतं. फोनमधल्या नकाशात पूल शाबूत होता. गाडी चालवणारा गेला. त्यांचा ठिपका अगदी अचूक असणार. म्हणून ‘कोणतं यंत्र जास्त अचूक’ या वादात मला आता रस उरलेला नाही.

मला बघायचं असतं ते हे, की माझ्याकडची दोन साधनं एकाच कारणाने मरतील का. एकदा माझ्या गाडीच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज उडाला. दोन फोन, दोन्ही त्याच सॉकेटवर. एक आधीच डॅशबोर्डवर उन्हात तापून बंद पडला होता, दुसरा संध्याकाळी संपला. हातातल्या साध्या, बटणांच्या जीपीएस यंत्राची आठवण त्या दिवशी आली. पेन्सिल सेलवर चालतं, हातमोजे घालूनही बटणं दाबता येतात. पडदा मात्र सव्वादोन इंचाचा, त्यावर गाडी चालवताना नकाशा वाचणं हा विनोदच आहे. तेव्हा दुकानदारीचा आरोप फेटाळून लावतो: त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागणार असतील तर ते यंत्र घेऊच नका. घरातला जुना फोन काढा, त्यात वेगळं ॲप आणि त्या भागाचे नकाशे भरा, फ्लाइट मोडवर टाकून पॉवर बँकेसकट ग्लव्हबॉक्समध्ये ठेवा. माझ्या मते ऐंशी टक्के काम तिथेच झालं.

टोपोशीट, म्हणजे चढ-उतार दाखवणारे कागदी नकाशे, म्युझियममध्ये ठेवा असंही म्हणालात. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची पत्रकं २०१७ पासून भारतीय नागरिकांना फुकट उतरवून घेता येतात. समोरची वाट चढते की दरीत उतरते हे समोच्च रेषांवरून आदल्या रात्री पसरून बघायला याहून चांगलं काही नाही. चालत्या गाडीत मीही उघडत नाही.

आता माझी एक फजिती, तुम्हाला टोमणा मारायला उपयोगी पडेल. स्पितीतल्या चंद्रताल तळ्याचे अक्षांश-रेखांश मित्राने चिठ्ठीवर लिहून दिले होते: ३२.४८, ७७.६१. मी ते यंत्रात अंश-मिनिटं समजून ३२ अंश ४८ मिनिटं असे भरले. खरं तर ०.४८ अंश म्हणजे २९ मिनिटंसुद्धा होत नाहीत. तळं ३५ किलोमीटर उत्तरेला सरकलं असतं. वाचवलं ते रेखांशाने, कारण ६१ मिनिटं यंत्राने घेतलीच नाहीत. तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

तुमच्या तीन फेऱ्यांचे जीपीएक्स ट्रॅक (गाडी गेली त्या वाटेची नोंद असलेल्या फाइल) फोनमध्ये अजून असतील तर पाठवाल का? लेहच्या वाटेवरच्या मोरे मैदानात डांबराच्या बाजूने चाकोऱ्या कुठे कुठे फुटतात, ते मला माझ्या नकाशावर चढवून बघायचंय.