रस्त्यावर एक तरी कुत्रं दिसतं का?

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले काही महिने कुत्र्यांवरून भांडण चाललंय. निमित्त पुण्यातल्या कर्वेनगरच्या सोसायटीचं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू फाटकापाशी चार कुत्र्यांना भात घालतात, आणि सेक्रेटरींचा त्याला विरोध आहे. एका पक्षाने नोटीस बोर्डावर सुप्रीम कोर्टाचा ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश चिकटवला : कुत्री उचला, निवाऱ्यात ठेवा. दुसऱ्या पक्षाने शेजारी २२ ऑगस्टचा लावला : नसबंदी करा, लस टोचा आणि होती तिथे परत सोडा. पहिला आदेश मुळात दिल्ली आणि आसपासचा होता, पण ती ओळ कुणी वाचलेली दिसत नाही.

मी गप्प होतो. मग दादाने लिहिलं, ‘सिडनीत रस्त्यावर एक तरी कुत्रं दिसतं का? विचारा आपल्या परदेशस्थाला. तिकडे कुत्र्याला माणसासारखं वागवतात.’

नाही दिसत. सोळा वर्षांत मी इथे एकही मोकाट कुत्रं पाहिलेलं नाही. पण दादाच्या त्या दुसऱ्या वाक्याने माझं डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

आमच्याकडे काशी आहे. ग्रेहाऊंड, म्हणजे शर्यतीत पळवतात ती कुत्र्याची जात, वय सात, रंग राखाडी, इथे त्याला निळा म्हणतात. आईने व्हिडिओ कॉलवर तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, “अरे, हिला जेवायला घालता ना?” ग्रेहाऊंड असाच असतो, आई, बरगड्या दिसल्या की तब्येत चांगली. कानाच्या आत गोंदलेली अक्षरं आहेत, रेसच्या कुत्र्यांना असतात तशी. आमच्याकडे आली तेव्हा तीन वर्षांची होती आणि तिची कारकीर्द संपलेली होती. ही जात बारा-तेरा वर्षं सहज जगते, म्हणजे पुढची नऊ-दहा वर्षं तिचं काय, हा प्रश्न कुणाला तरी पडायला हवा होता.

पहिल्या दिवशी ती जिन्याच्या खालच्या पायरीपाशी थरथरत उभी राहिली. ताशी साठ किलोमीटरने पळणारं जनावर, आणि जिना म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं. जन्म कोंडवाड्यात आणि ट्रेलरमध्ये गेलेला. मी खाली वाकून एकेक पाय उचलून वर ठेवत गेलो. पुढचा डावा, पुढचा उजवा, मग मागून ढुंगणाला टेकू. तेरा पायऱ्यांना पाऊण तास लागला. वर गेल्यावर बाल्कनीच्या काचेवर धाडकन आपटली, काचही पहिल्यांदाच पाहत होती. पाच दात कुजलेले निघाले, ते काढावे लागले. तिच्या आधीच्या मालकाने तिला मारलं असेल असं मला वाटत नाही, अंगावर तशा खुणा नव्हत्या. त्याने तिच्याकडे फक्त घड्याळ हातात धरून पाहिलं असावं.

हे वागवणं माणसासारखं असेल, तर माणसाबद्दलच बोलायला हवं.

दादाला मी लांबलचक उत्तर लिहिलं. २०१५ साली एबीसी या इथल्या सरकारी टीव्ही वाहिनीवर छुप्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं होतं. रेसमध्ये कुत्रे यांत्रिक सशामागे धावतात, पण सरावाच्या वेळी काही ट्रेनर त्या यंत्राला जिवंत ससे, पोसम नावाचे झाडावरचे छोटे प्राणी, डुकराची पिल्लं बांधत होते. कुत्र्याला रक्ताची चटक लागली की तो जोरात पळतो, हा हिशोब. मग न्यायमूर्ती मॅकह्यू यांचा आयोग बसला. त्यांच्या २०१६ च्या अहवालातला आकडा मला पाठ आहे : एकट्या न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, बारा वर्षांत ४८,८९१ ते ६८,४४८ ग्रेहाऊंड मारले गेले, का, तर पुरेसे वेगाने पळत नव्हते म्हणून. एका कुत्र्यापर्यंत मोजलेला आकडा, आणि दोन टोकांत जवळपास वीस हजारांचा फरक. मरणाऱ्यांची धड नोंदसुद्धा नव्हती.

“पण निदान तिकडे चौकशी होते ना,” दादाचं उत्तर. होते. आमच्याकडे आयोग बसतो, अहवाल छापून येतो, प्रीमियर, म्हणजे राज्याचा मुख्यमंत्री, टीव्हीवर येऊन बंदी जाहीर करतो. आपल्या १९६० च्या कायद्यात जनावराला छळल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला अजून दहा ते पन्नास रुपये दंड आहे. पन्नास रुपयांत आता धड मिसळसुद्धा येत नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं आणि जरा ऐटीतच लिहिलं.

पुढचं मात्र लिहिलं नाही. जुलै २०१६ मध्ये प्रीमियर माइक बेअर्डने ग्रेहाऊंड रेसवर बंदी जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये मागे घेतली. गावाकडचे मतदार बिथरले, मित्रपक्ष कुरकुरला, तीन महिन्यांत खेळ खलास. इथला ट्रेनर टीव्हीवर रडत म्हणत होता, हे माझ्या लेकरांसारखे आहेत, माझ्या आधी जेवतात. ते ऐकताना मला मंचरचा मामा आठवला. २०१४ मध्ये बैलगाडा शर्यती बंद झाल्या तेव्हा मामा हेच म्हणाला होता, पोटच्या पोरासारखा सांभाळतो रे बैल. खोटं नव्हतं ते, त्याच्या बैलांना खरंच अंडी, दूध, खारीक असायची. मीही लहानपणी घाटाच्या कडेला बसून घसा बसेपर्यंत ‘भिर्रर्र’ ओरडलोय, आणि बारी सुटायच्या आधी बैलाचं शेपूट कसं पिरगाळतात तेही पाहिलंय. तेव्हा वाईट वाटलं असं आता लिहिणं सोपं आहे. वाटलं नव्हतं.

२०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना हिरवा कंदील दाखवला, मामाने पेढे वाटले. परवा मामेभावाने जत्रेचा फ्लेक्स पाठवला. त्यात बैलगाड्याच्या खाली ‘भव्य श्वान शर्यत’ होती, आणि नेटवरून उचललेला ग्रेहाऊंडचा फोटो. कुत्र्याच्या अंगावर हिरवं जॅकेट, त्यावर सहा. सहा नंबरला हिरवा, हा इथल्या रेसचा रंग. इकडे न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये हा खेळ बंद करायचं ठरवलं, ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया राज्य २०२९ पर्यंत बंद करणार म्हणतं, कॅनबेरात तर २०१८ पासून बंदी आहे. आणि आपल्याकडे तो आता जत्रेत चाललाय.

‘आपल्याकडे’, ‘आमच्याकडे’. बायकोने हे टिपण वाचून विचारलं, “यातलं आमच्याकडे म्हणजे कुठे?” आयोगाचा अभिमान वाटला की आमच्याकडे म्हणजे सिडनी. काकू भात घालतात ते चांगलं वाटलं की आमच्याकडे म्हणजे कर्वेनगर. आणि दादाच्या रागाचं खरं कारण, की त्याच्या नातवाला फाटकापाशी कुत्रं चावलं आणि पोराला पाच इंजेक्शनं घ्यावी लागली, ते मी वर सांगितलंच नाही. ऑस्ट्रेलियात कुत्र्यांचा रेबीज नाही. ज्याला ती भीतीच नाही त्याने भूतदयेवर लिहायला फारसं धैर्य लागत नाही.

आणखी एक गोष्ट. इथे आलो त्या पहिल्याच वर्षी ऑफिसातल्यांबरोबर एका शुक्रवारी वेंटवर्थ पार्कला गेलो होतो. रेस पाहायला. मी आठ नंबरच्या गुलाबी जॅकेटवर पाच डॉलर लावले. अर्ध्या मिनिटाचा खेळ. पहिल्याच वळणावर तीन कुत्रे एकमेकांवर आदळले आणि गुलाबी खाली गेला. उठला, मागचा एक पाय वर धरून दोन-तीन उड्या मारल्या, यांत्रिक सशाकडेच बघत. दोन माणसं धावत गेली, उचलून घेऊन गेली, आणि पुढच्या रेसची घोषणा झाली. मी विचारलं, आता त्याचं काय करतात? कुणीतरी म्हणालं, “मालक बघेल. शेतावर वगैरे देतात.” मी बरं म्हटलं आणि चिप्स संपवल्या. पाच डॉलर गेल्याचं दोन दिवस बोलत होतो.

शेतावर देतात हे उत्तर मला त्या दिवशी पुरलं. नंतरही एकदा पुरलं.

टिप्या आमचा, कर्वेनगरचाच, गावठी. कॉलेजात असताना कॅनॉलपाशी सापडलेला, पांढऱ्या अंगावर कपाळाला एकच काळा ठिपका. २००९ मध्ये निघालो तेव्हा विमानतळावर जायच्या गाडीत तो आधीच चढून बसला होता, त्याला ओढून उतरवावं लागलं. नंतर बाबांचे गुडघे गेले, त्याला फिरवणं दादाकडे आलं. मी इथून पट्टे पाठवायचो, शाम्पू पाठवायचो. २०१२ मध्ये बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालणार नव्हतं. दादाने फोनवर सांगितलं, मुळशीकडे ओळखीच्यांच्या फार्महाऊसवर दिलाय. मी म्हटलं, बरं झालं, मोकळ्या हवेत राहील. मग आम्ही नव्या फ्लॅटच्या कार्पेट एरियावर बोललो. त्यानंतर तीन वेळा पुण्याला गेलो, एकदा तर मुळशीला सहलीलाही. टिप्याचा विषय मी काढला नाही, दादानेही नाही.

मॅकह्यूंच्या अहवालाचा आकडा ग्रुपवर टाकला त्या रात्री दादाने मला वेगळा मेसेज केला. ‘एवढ्या कुत्र्यांचा हिशोब ठेवतोस. आपल्याचा कधी विचारलास का?’

काशी पायाशी झोपली होती, चारही पाय वर करून. मी लिहिलं, ‘कुणाचं होतं ते फार्महाऊस?’

दोन निळ्या खुणा आल्या. बराच वेळ वरती ‘टायपिंग’ दिसत होतं, मग तेही गेलं. पुण्यात तेव्हा साडेसहा वाजले असतील, काकू भात घेऊन खाली उतरायची वेळ.