डाय नाही म्हणजे डॉक्टर आंधळे नाहीत

"किडनी कमजोर असेल तर सीआरटीचा नाद सोडा. डाय द्यावीच लागते. डायशिवाय बसवणारे डॉक्टर आंधळेपणानं तार सरकवतात, आणि ती तार महिन्याभरात निसटते." हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या घरोघरी हा मेसेज फिरतोय. सीआरटी म्हणजे हृदयाचे दोन्ही खालचे कप्पे एकाच तालात चालावेत म्हणून बसवायचा खास पेसमेकर. तो वाचून कुणी ठरलेलं ऑपरेशन रद्द करू नये, म्हणून हे लिहिते आहे.

"डाय द्यावीच लागते." सीआरटीची तिसरी तार हृदयाच्या डाव्या कप्प्यापर्यंत न्यायची असते. ती कोरोनरी सायनस या शिरेतून तिच्या एखाद्या फांदीत उतरवतात. साध्या एक्स-रेत शिरा दिसत नाहीत, म्हणून आयोडीन असलेली डाय सोडून फांद्या पाहतात. दुबळ्या किडनीला या डायचा त्रास होऊ शकतो, एवढं मेसेजमधलं खरं. पण तेव्हाही ती अगदी कमी वापरता येते, आणि मॅपिंगच्या, म्हणजे संगणकावर शिरेचा नकाशा काढण्याच्या, मदतीनं पूर्णपणे टाळताही येते.

"आंधळेपणानं." इथे मला खरा राग येतो. एनसाइट या मॅपिंगच्या पद्धतीत छाती-पाठीवर पट्ट्या चिकटवून त्यांतून अतिशय क्षीण वीज सोडतात. शिरेतून सरकवलेल्या बारीक नळीच्या, म्हणजे कॅथेटरच्या, टोकाशी येणारा विद्युतदाब मोजून संगणक ते टोक नेमकं कुठे आहे ते दाखवतो. टोक फिरेल तसा शिरेचा त्रिमितीय आकार पडद्यावर उभा राहतो. बारीक फांदीत कॅथेटर शिरत नसेल तर वाट दाखवणारी बारीक तार, म्हणजे गाइडवायरच, इलेक्ट्रोड म्हणून वापरता येते.

शिवाय डाय जे कधीच दाखवू शकत नाही ते इथे कळतं. डाव्या कप्प्याकडे वीज नेणारी वाट, म्हणजे डावं बंडल, अडलं की त्याला लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक म्हणतात. त्यात डाव्या कप्प्याची बाजूची भिंत उशिरा जागी होते. डायनं रस्ता दिसतो, हा उशीर दिसत नाही. ईसीजीतल्या क्यूआरएसच्या, म्हणजे खालचे कप्पे चेतवणाऱ्या लहरीच्या, सुरुवातीपासून तारेच्या जागी वीज पोचेपर्यंतचा वेळ मोजतात, त्याला क्यू-एलव्ही म्हणतात. स्मार्ट-एव्ही या सीआरटीवरच्या चाचणीतल्या रुग्णांमध्ये हा वेळ जितका जास्त, तितकं फुगलेलं हृदय आकसण्याचं प्रमाण वाढत गेलं. तार कुठे ठेवायची हे ठरवताना याहून उपयोगी माहिती कोणती?

"तार निसटते." कधीकधी निसटते, डाय देऊन बसवलेलीही. तार धरून ठेवते ती तिची वळणं आणि शिरेतली घट्ट बसण. डायचा तिथे संबंध नाही.

मॅपिंगला मर्यादा आहेत. यंत्रणा महाग आहे, सरावलेली टीम लागते, आणि अरुंद किंवा बंद फांदी डायइतकी स्पष्ट दिसत नाही. तिथे डॉक्टर थोडी डाय वापरतात, ते योग्यच आहे. डाय टाळली म्हणजे एक्स-रेही टळला असं नाही. तारेची शेवटची जागा तपासायला तो बहुधा थोडा वेळ लावतात.

आणि कोरोनरी सायनसचा रस्ताच जमला नाही, तर उजव्या बाजूनं हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात तार रुतवून डाव्या बंडललाच चेतवण्याची पद्धतही आता आहे. तिला या शिरेची गरजच नसते.