नोटरी मजकूर तपासत नाही, पण माणूस तर बघतो ना?

वकीलसाहेब, इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'सही करणारा समोर असल्याशिवाय शिक्का मारू नये' हा माझा आग्रह पुस्तकी आहे, नोटरी मजकुराची हमी देत नाही, फी तुटपुंजी, कोर्टाच्या आवारात दुपारी झुंबड असते, आणि ओळखीच्या वकिलाने कागद पाठवला की विश्वास ठेवावाच लागतो.

मजकुराबद्दल तुमचं अगदी बरोबर. प्रतिज्ञापत्रात कुणी उत्पन्न खोटं लिहिलं तर ते लिहिणाऱ्याच्या माथी. पण मजकूर बाजूला काढल्यावर नोटरीच्या हातात उरतं काय? हा माणूस माझ्यासमोर आला, मी त्याची ओळख पटवून घेतली, त्याने माझ्यादेखत सही केली. एवढंच. तेही दुसऱ्याच्या भरवशावर सोडलं तर शिक्का कशासाठी मारायचा?

कुलमुखत्यारपत्राचंच घ्या, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. नोटरीसमोर झालेलं आणि त्याने प्रमाणित केलेलं कुलमुखत्यारपत्र रीतसर झालं आहे, असं कोर्ट गृहीत धरून चालतं. म्हणजे ते खोटं आहे हे दाखवायची जबाबदारी फसवल्या गेलेल्या माणसावर येते. माझ्याकडे एका विधवा बाईंचं प्रकरण आलं होतं. त्यांच्या नावाने झालेल्या कुलमुखत्यारपत्रावर पुतण्याने भूसंपादनाचा मोबदला उचलला. कागदावर बाईंची सही, खाली शिक्का, नोंदणी क्रमांक, सगळं जागच्या जागी. नोटरीचं रजिस्टर मागवलं तर त्या क्रमांकापुढे नाव होतं, पत्ता होता, आणि सहीचा रकाना कोरा. त्या तारखेला बाई दुसऱ्या शहरात दवाखान्यात दाखल होत्या. डिस्चार्ज कार्ड होतं म्हणून निभावलं. ते हरवलं असतं तर? तो कागदही ओळखीच्याच वकिलाकडून गेला होता.

फीबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. दर सरकार ठरवतं, ते कार्यालयाच्या आत आणि बाहेर लावायचे असा नियम आहे. परवडत नसतील तर वाढवून मागा, त्या निवेदनावर मीही सही करेन. पण कमी फी म्हणून कमी तपासणी, हे मला पटत नाही. १९५२च्या नोटरी कायद्याखाली चौकशीत गैरवर्तन सिद्ध झालं तर नोटरींच्या सरकारी नोंदवहीतून नाव जातं. 'गर्दी होती' हा तिथे बचाव होत नाही.

'लोकच मागतात' असंही तुम्ही म्हणता. लोक नोटरी केलेला घटस्फोटही मागतात. लग्न किंवा घटस्फोटाचे दस्त करायचा अधिकार नोटरीला नाही, हे केंद्रीय विधी खात्याला ऑक्टोबर २०२४मध्ये पत्रक काढून बजावावं लागलं. भाडेकराराचंही तेच. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो, तरी 'नोटरी करून देतो' म्हणणारे एजंट गल्लोगल्ली बसलेत. नुसत्या शिक्क्याने भागत नाही, हे टेबलापाशी आलेल्या माणसाला नोटरीने सांगायला नको का?

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाने काय करायचं? त्याच्याकडे जायचं. नियमात फीव्यतिरिक्त प्रवासखर्च घेता येतो, तो घ्या. रजिस्टर सोबत न्या, खोलीतल्या नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर थांबवा, कागद त्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा आणि सही किंवा अंगठा तिथेच घ्या.