‘इनडिस्क्रीट’च्या त्या पलंगाने कुणालाही फसवलं नाही

जुन्या इंग्रजी सिनेमांच्या चाहत्यांमध्ये ‘इनडिस्क्रीट’बद्दल एक मजकूर कायम फिरत असतो. १९५८ साली नायक-नायिकेला एका पलंगावर दाखवायला बंदी होती, म्हणून दिग्दर्शक स्टॅन्ली डोननने पडदा उभा दुभागायची युक्ती शोधून काढली, हॉलिवूडच्या सेन्सॉरला मामा बनवलं आणि नायिका इंग्रिड बर्गमनचं स्वतःचंच प्रकरण कथेत घातलं, असा त्याचा मथितार्थ. वाचायला झकास आहे, पण त्यातलं फार थोडं टिकतं.

ज्यावरून हे सगळं सुरू होतं तो प्रसंग असा: नायक कॅरी ग्रँट पॅरिसमध्ये, बर्गमन लंडनमध्ये, दोघं आपापल्या अंथरुणात, कानाला फोन. मधली रेघ अशी बसवलीय की दोन्ही पलंगांचा एकच पलंग वाटावा. बोलता बोलता तो पांघरुणावर हात टेकवतो आणि रेघेपलीकडे तिला थोपटल्याचा भास होतो. थिएटरात हशा पिकतो तो इथेच.

युक्ती सुरेख, पण शोध डोननचा नव्हे. लोइस वेबरच्या १९१३च्या ‘सस्पेन्स’ या मूकपटात पडद्याचे तीन त्रिकोण केलेत: घाबरलेली बायको फोनवर, नवरा ऑफिसात फोनवर आणि तिसरीकडे घरात घुसू पाहणारा भामटा. फोन आणि दुभागलेला पडदा यांची जोडी इतकी जुनी आहे.

‘सेन्सॉरला मामा बनवलं’ हे तर मला मुळीच पटत नाही. अमेरिकी निर्मात्यांची आचारसंहिता, म्हणजे ज्याला हेज कोड म्हणतात ती, शयनगृहाबद्दल सांगायची ते इतकंच की तिथलं चित्रण सुरुचीला धरून आणि नाजूकपणे व्हावं. जोडप्याचे पलंग वेगळे दाखवायची सवय त्यातूनच पक्की झाली, आणि तिला वळसा घालायचा म्हणूनच डोननने हा प्रसंग असा रचला, एवढं खरं. पण प्रेक्षकाला दिसणारी रेघ तपासणाऱ्यांना दिसली नसेल? गंमत आहे ती रेघ दिसते म्हणूनच. आपल्याकडे दोन फुलं एकमेकांवर डोलायला लागली की सगळं थिएटर समजायचं, सेन्सॉरसकट. याच ग्रँट-बर्गमन जोडीने १९४६च्या ‘नटोरियस’मध्ये तुकड्यातुकड्यांनी चुंबन लांबवलं होतं, आणि तिथेही मध्ये फोन होताच.

खरी अडचण पलंगाची नव्हतीच, कथेची होती. आचारसंहितेला खुपायचा तो विवाहबाह्य संबंध: तो योग्य किंवा चालण्याजोगा वाटेल असा दाखवायचा नाही. आणि इथे लंडनची नटी ॲना (बर्गमन) एका विवाहित पुरुषाच्या (ग्रँट) प्रेमात पडते, तेही राजीखुशीने. घटस्फोट मिळणं शक्य नाही, असं त्यानेच तिला सांगितलेलं. मग कळतं की बायको नाहीच. लग्नाचा विषय निघू नये म्हणून पठ्ठ्याने थाप मारलीय! ॲनाचा संताप बघण्यासारखा आहे: लग्न झालेलं नसताना माझ्याशी प्रेम करायची याची हिंमतच कशी झाली? म्हणजे अख्ख्या सिनेमात व्यभिचार घडतच नाही, प्रेक्षकाला मजा मात्र त्याचीच मिळते. ही मखलाशी लेखक नॉर्मन क्रास्नाची, आणि तीसुद्धा सेन्सॉरसाठी केलेली नाही. त्याचं ‘काइंड सर’ हे नाटक १९५३ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, आलं, आणि तिथे हेज कोड लागूच नव्हता.

सिनेमा हॉलिवूडचा म्हणाल तर पैसा आणि वितरण वॉर्नर ब्रदर्स या हॉलिवूडच्या कंपनीचं, पण निर्मितीसंस्था ग्रँट आणि डोननची, चित्रीकरण लंडन आणि तिथल्याच एल्स्ट्री स्टुडिओतलं, कॅमेरा इंग्रज फ्रेडी यंगचा. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’वाला तो हाच.

राहिलं बर्गमनचं आयुष्य. इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोझेलिनीशी तिचे संबंध जुळले तेव्हा दोघंही खरोखर विवाहित होते आणि १९५०मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये तिच्या नावाने खडे फोडले गेले. सिनेमात तर नायक-नायिका दोघंही सडेफटिंग. शिवाय ब्रॉडवेवर ही भूमिका मेरी मार्टिनने केली होती, समोर शार्ल बॉये.

चित्रीकरणाच्या वेळी मात्र तिच्या घरात खरंच वादळ होतं, आणि त्याचं एक टोक मुंबईत होतं. भारतावरच्या चित्रपटासाठी आलेल्या रोझेलिनीचं नाव सोनाली दासगुप्तांशी जोडलं गेलं होतं, आणि १९५७ संपता संपता बर्गमनचं लग्न मोडीत निघालं. त्याच सुमारास ती लंडनच्या विमानतळावर उतरली, तेव्हा पत्रकार टपूनच बसले होते. ग्रँट तिथे हजर होता. माझं आयुष्य हिच्याहून रंगीत आहे, मला विचारा, अशा थाटात त्याने प्रश्नांचा मारा स्वतःवर ओढवून घेतला. पटकथेत यातलं काहीही नाही. ती क्रास्नाने स्वतःच्याच चार वर्षं जुन्या नाटकावरून लिहिलेली आहे.