खुलासा : एमपी३चं फ्लॅक केल्याने आवाज सुधारत नाही

दादर-परळकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : फोनमधली जुनी एमपी३ गाणी फुकटच्या अ‍ॅपने फ्लॅक या दुसऱ्या प्रकारच्या ऑडिओ फाइलमध्ये बदला, आवाज थेट सीडीसारखा होतो, मग मूळ फाइल उडवून टाका. हे खरं नाही.

एमपी३ बनतानाच आवाजातला बराच तपशील कायमचा काढून टाकलेला असतो. फ्लॅक आहे तेवढंच जसंच्या तसं जपतं, गेलेलं परत आणत नाही. घरच्या घरी पाहता येतं. मी १२८ केबीपीएसचं, म्हणजे बरंच दाबलेलं, एक एमपी३ गाणं फ्लॅक केलं, दोन्ही फाइल ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या उंचीचा स्वर किती आहे ते दाखवणारं चित्र) लावला. दोन्हींत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं रिकामं, सुरीने कापल्यासारखं. झांजेची वरची किणकिण तिथे असायला हवी, ती दोन्हींत नाही. फाइल मात्र कितीतरी मोठी झाली.

ज्यांना फरक जाणवतो ते खोटं बोलत नाहीत. व्हॉल्यूम जरासा वर असला तरी तेच गाणं जास्त खुललेलं वाटतं. म्हणून दोन्ही फाइलींची तुलना करताना व्हॉल्यूम आधी सारखा करून घ्या, इअरफोन तोच ठेवा. साध्या ब्लूटूथवर तर फ्लॅकही एसबीसी किंवा एएसी या तपशील गाळणाऱ्या प्रकारांत पुन्हा दाबलं जातं.

सीडीवरून थेट फ्लॅक केलंत, तर फायदा खरा आहे.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका आणि मूळ एमपी३ डिलीट करू नका, असं आवर्जून सांगा.