विषय तुमच्या आवडीचा

सोसायटीच्या दिवाळी अंकाला लेख देतो असं मी गणपतीच्या आरतीनंतर, हातात खिरापत असताना बोलून गेलो. खोबरं-खडीसाखर तोंडात असली की माणूस काहीही कबूल करतो. संपादक काका म्हणाले, "विषय तुमच्या आवडीचा घ्या," आणि तिथेच घात झाला. मला न आवडणारे विषय धडाधड सुचतात हो, आवडीचा एकही नाही.

1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी जवळ आली की मराठी माणसाला उगाचच काहीतरी सुचल्यासारखं होतं. मला तेवढंही नाही.

लॅपटॉप उघडला. आधी फॉन्ट, मग साइज चौदा, मग सोळा, कारण सोळाला पान लवकर भरतं. फाईलला 'दिवाळी लेख फायनल' नाव दिलं. 'पाऊस' लिहिलं, खोडलं, 'आठवणीतला पाऊस' लिहिलं, तेही खोडलं, मग पंख्याची पाती पुसली. ड्रॉवरमध्ये जुनी वॉरंटी कार्डं निघाली, त्यातला मिक्सर कधीच भंगारात गेलाय तरी मी सगळी तारीखवार लावली. असे तीन आठवडे. बायको म्हणाली, "दर महिन्याला लेख घेत जा, घर छान राहतं."

तिला हा काही न सुचण्याचा, 'रायटर्स ब्लॉक' वगैरे प्रकार माहीतच नाही. फ्रीज उघडून अर्धा मिनिट बघते आणि शिळ्या पोळ्यांचा कुस्करा, दुधीच्या सालांची चटणी, परवाच्या भाजीचं थालीपीठ असं काहीतरी होऊन ताटात येतं, आणि ते पण विषय कुणाच्याच आवडीचा नसताना.

रविवारी तिने माझ्यापुढे कोमट पाण्यात मोड आलेले वाल ठेवले. बिरडं करायचं होतं. अंगठ्याने दाबलं की साल हातात आणि डाळिंबी बाहेर, जोर जास्त झाला तर डाळिंबी थेट फ्रीजखाली. पन्नासेक झाल्यावर डोकं आपोआप रिकामं झालं आणि आजी आठवली. ती आम्हा भावंडांना एकेक ताटली द्यायची, कुणाचे जास्त सोलून होतात बघू म्हणायची, आम्ही जीव तोडून सोलायचो, आणि शेवटी सगळ्या ताटल्या एकाच पातेल्यात ओतून "सगळे पहिले" म्हणायची. च्यायला, हाच तर लेख!

पण हात ओले. फोन बोट ओळखेना. बोलून टाईप करायला गेलो तर 'बिरडं'चं 'बिरबल' झालं, 'आजी'ची 'भाजी'. शेवटी वाण्याच्या बिलामागे लेकीच्या जांभळ्या स्केचपेनने लिहिलं. मधल्या दोन ओळींवर पाणी सांडलं, त्या बहुतेक सगळ्यात भारी होत्या, आता काय सांगणार.

टाईप करून पाठवला. रात्री काकांचा फोन. "लेख आवडला बरं का. पण एक जाहिरात गळालीय, अर्धं पान रिकामं राहतंय, अजून थोडं वाढवाल का? बुधवारपर्यंत चालेल."

फोन स्पीकरवर होता. ठेवला तसा किचनमधून पातेल्यात वाल ओतल्याचा खडखडाट आला आणि त्यावर नळ सोडल्याचा.