बिस्कोब्रा नावाचा कुठलाही संकर नसतो

आत्याने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला, 'बिस्कोब्रा म्हणजे नाग आणि पालीचा संकर, चावला की माणूस पाणी मागत नाही, दिसला की ठेचा'. दोन दिवसांनी गावाहून ठेचलेल्या जिवाचा फोटो आला. ती बिबट्या पाल होती. बिनविषारी, रात्री किडे खाणारी. मला खरंच राग आलाय.

संकराचंच बघा. नाग आणि पाल यांचे वंश डायनासोरच्या काळातच वेगळे झालेत, त्यांची पिल्लं होणं शक्यच नाही. उलट डीएनए तपासल्यावर दिसतं की साप हे सरडे आणि घोरपडीच्या जवळचे, पाल या सगळ्यांपासून लांब. म्हणजे दोन्ही सरपटणारे म्हणून फॉरवर्डवाल्याने जी जोडी लावली तीच यांच्यात लांबची निघाली. आणि बिस्कोब्रा हा एक प्राणी नाहीच, कुठे घोरपडीच्या पिल्लाला म्हणतात, कुठे या बिबट्या पालीला. घरातल्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळे पुसते, बिबट्या पालीला हलणाऱ्या पापण्या असतात, म्हणून तिचं कुटुंबच वेगळं धरतात. एवढं नीट बघितलं असतं तरी ती वाचली असती.

फॉरवर्डमध्ये पुढे आणखी आहे. 'पाल, सरडा, घोरपड, मगर सगळे एकच'. मगर पक्ष्यांच्या जवळची आहे. पुढे.

'सापसुरळीच्या शेपटीत विष'. नाही. शेपटी तुटते, परत येते, बस.

विषारी सरडे असतात हे मान्य, अमेरिकेतला गिला मॉन्स्टर आहे, आणि घोरपडीच्या जबड्यातही विषासारखं काही बनवणाऱ्या ग्रंथी असल्याचं २००६ साली मांडलं गेलं, त्यावर वाद चालू आहे. पण म्हणून घोरपड मारायची? ती वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे.

फॉरवर्डच्या शेवटी लिहिलंय, 'शास्त्रज्ञ नावं बदलत राहतात, त्यांनाच माहीत नाही'. नावं बदलतात आणि त्याने डोकं फिरतं, हे खरंय. पण का बदलतात ते बघा ना. गळ्याला पंखा असलेले आपल्याकडचे बरेच सरडे सिताना या एकाच वंशात (जवळच्या जातींच्या गटात) टाकलेले होते. २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए आणि शरीररचना तपासून त्यातला एक गट वेगळा काढला आणि नाव ठेवलं 'सरडा', आपल्याच मराठी शब्दावरून. त्यातली एक जात साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची. माहीत नसणाऱ्यांचं काम असं असतं का?

आत्या, परत अशी पाल दिसली तर झाडू बाजूला ठेव आणि आधी मला फोटो पाठव.